शिकागो विद्यापीठाने फुटबॉल संघ का मोडला: पार्श्वभूमी

डिसेंबर १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाने आपला अमेरिकी फुटबॉलचा संघ बंद केला. सतत हरत होता म्हणून, असे सांगितले जाते. पराभव खरेच होते, पण या निर्णयाची मुळे विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षात आहेत.

रॉकफेलर यांच्या पैशावर १८९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे वर्ग ऑक्टोबर १८९२ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येलमधले आपले विद्यार्थी एमॉस अलोन्झो स्टॅग यांना बोलावले आणि नुसते प्रशिक्षक न नेमता प्राध्यापकाच्या दर्जाचे विभागप्रमुख केले. त्या काळात बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक हंगामापुरता आणत आणि निकाल बिघडले की बदलत. स्टॅग यांच्यामागे मात्र थेट अध्यक्ष उभे होते. संघाचे बळ यातच होते. पुढे अध्यक्ष बदलले तेव्हा हेच त्याचे दुबळेपण ठरले.

संघाने कळस गाठला तो ३० नोव्हेंबर १९०५ ला. समोरचा मिशिगन विद्यापीठाचा संघ ५६ सामने अपराजित होता. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉल यांनी लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या टोकाच्या पट्ट्यात गेला. तो घेऊन बाहेर पडू पाहणारा खेळाडू तिथेच अडवला गेला. याला सेफ्टी म्हणतात, गुण दोन. सामना २-० असाच संपला.

त्याच हंगामात देशभर खेळाडूंचे मृत्यू झाले आणि १९०६ चे नियम बदलले: चेंडू आपल्याकडे राखायला तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड पुढे जाणे आले, पुढे फेकलेल्या पासलाही मुभा मिळाली. पण कोणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाई, म्हणून बरेच संघ तो टाळत. स्टॅग यांनी मात्र लगेच त्याच्या चाली बसवल्या. १९१३ चा अपराजित हंगाम आणि १९२४ चे विजेतेपद धरून शिकागोने बिग टेनची, म्हणजे आसपासच्या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेची, सात अजिंक्यपदे मिळवली.

मग घसरण का झाली? आसपासची सरकारी विद्यापीठे विद्यार्थिसंख्येने कितीतरी मोठी झाली. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात आलेल्या १९३१ च्या योजनेत शिकवणाऱ्या प्राध्यापकाऐवजी स्वतंत्र मंडळ परीक्षा घेऊ लागले. खेळाडूला सवलतीने पुढे ढकलण्याची वाटच उरली नाही. खेळाडूंना सोयीची शारीरिक शिक्षणाची पदवीही इथे नव्हती. १९३२ च्या हंगामानंतर सत्तरीच्या वयोमर्यादेने स्टॅगही गेले. शिकागोच्या जे बर्वँगर यांनी १९३५ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा, पुढे हाइझमन म्हणून ओळखला गेलेला पुरस्कार पहिल्यांदा पटकावला, तरी एका मोठ्या खेळाडूने संघ भरत नाही. १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५-०, हार्वर्डकडून ६१-० अशी हार झाली.

दोष प्रशिक्षकाचा नव्हता, हे पुढच्याच वर्षी दिसले. स्टॅग यांच्यानंतरचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि टी-रचनेवर, म्हणजे खेळाडू इंग्रजी टी अक्षरासारखे उभे करण्याच्या पद्धतीवर, तिथला संघ संपूर्ण हंगाम अपराजित राहिला, रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामनाही जिंकला. खेळाडू देणारी व्यवस्थाच शिकागोने हेतुपुरस्सर नाकारली होती. माझ्या मते हचिन्स यांचा निर्णय प्रामाणिक होता: खेळाडूंसाठी परीक्षा सैल करण्यापेक्षा त्यांनी संघ सोडला.

संघाच्या रिकाम्या मैदानाच्या, स्टॅग फील्डच्या, पश्चिम प्रेक्षागाराखालच्या रॅकेट्स खेळाच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. १९४६ मध्ये विद्यापीठाने बिग टेनही सोडली. जुने मैदान १९५७ मध्ये पाडले. तिथे आता रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे. विद्यापीठाचा अधिकृत संघ १९६९ मध्ये परतला आणि आज तो महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटात, खेळतो.