‘एआयला सांगितलं की अ‍ॅप तयार’ हे कितपत खरं?

व्हॉट्सअ‍ॅपवर कधीपासून फिरतंय: "कोडिंग नको, एआयला मराठीत सांगा, अ‍ॅप तयार." यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं.

कोड एआय लिहितो, हे खरं. पण आपण जे सांगत नाही, ते तो अंदाजाने भरतो. समजा, गडचिरोलीतल्या वडसा भागातल्या, स्वतःचं नाटक मंडळ चालवणाऱ्या एखाद्या नाटककाराने झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या) हंगामासाठी बुकिंगची वही मोबाईलवर करून घेतली. तारीख, गाव, रक्कम, सगळं नीट दिसेल. पण मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवसांत दोन गावं एकच रात्र मागतात, आणि मंडळाचा प्रयोग रात्रभर चालतो. हे त्या नाटककारालाच ठाऊक. माझ्या मते हे ज्ञान कोडपेक्षा मोलाचं आहे.

तपासायला कोडिंग लागत नाही. एकाच तारखेला दोन गावं टाका, अडवतं का बघा. 31 नोव्हेंबर टाकून बघा. मग तीच लिंक दुसऱ्या मोबाईलवर उघडा. नोंदी दिसल्या नाहीत, तर बहुधा त्या पहिल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येच साठल्या आहेत. तिथला डेटा पुसला की हंगामाचं बुकिंग गेलं. जिथे अडलं, ते साध्या शब्दांत एआयला सांगा. दुरुस्तीनंतर तिन्ही गोष्टी पुन्हा करून बघा, कारण एक सुधारताना दुसरं बिघडू शकतं.