आरओ मेम्ब्रेन का चोंदते? क्लोरीनपासून सुरू होणारी पार्श्वभूमी

मोठ्या आरओ प्लांटवर एक विचित्र कसरत चालते. जंतू मारायला आधी पाण्यात क्लोरीन सोडायचा आणि मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, तोंडाशी सोडियम मेटाबायसल्फाइट घालून तोच पुरता काढून टाकायचा. घरच्या आरओत हे दुसरं काम कार्बन फिल्टर करतो.

या द्राविडी प्राणायामाला कारण आहे मेम्ब्रेनचा माल. 1960च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेम्ब्रेन घडवली. 1965मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाचं मचूळ पाणी तिच्यातून गोडं होऊ लागलं. थोडा क्लोरीन ती सोसायची. पण क्लोरीन बंद पडला की काही जंतू तिलाच खायला लागत, आणि पाण्याचा सामू (pH) बिघडला की ती झिजायची.

1970च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडोटी यांची पॉलिअमाइडची मेम्ब्रेन आली. कमी दाबावर जास्त पाणी, क्षारही कमी. तिने बाजार मारला. मात्र क्लोरीन तिच्या रेणूंनाच तोडतो, म्हणून तो तिच्याआधीच काढावा लागतो आणि ऐन मोक्याच्या जागी जंतूंना रान मोकळं मिळालं.

सगळा दोष पॉलिअमाइडच्या माथी मारणंही बरोबर नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या ‘वॉटर फॅक्टरी 21’ या प्लांटमध्ये सांडपाणी शुद्ध करून जमिनीत जिरवत. तिथे मेम्ब्रेन सेल्युलोज अ‍ॅसिटेटचीच होती, तरी संशोधक हॅरी रिजवे यांना 1980च्या दशकात तिच्यावर जंतूंचे थर सापडले. मेम्ब्रेन आणि तिच्या थरांमध्ये पाण्याला वाट ठेवणारी जाळी यांची गुंडाळी म्हणजे एलिमेंट; अशी अनेक एका ओळीत जोडतात. चोंदलेलं एलिमेंट उभं चिरून गुंडाळी उलगडली की हे दिसतं: जाळीच्या घरांमध्ये तपकिरी, बुळबुळीत चिकटा, बोटाने सहज निघणारा. ओळीतल्या पहिल्या एलिमेंटमध्ये तो सर्वांत जास्त, कारण अन्न तिथे आधी पोचतं. क्षारांचा थर उलट शेवटच्या एलिमेंटवर बसतो.

हे अन्न म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल. पालापाचोळा कुजून होणारी ह्युमिक द्रव्यं मेम्ब्रेनवर स्वतःही बसतात. कॅल्शियम असला तर तो त्यांना एकमेकांशी सांधतो आणि थर घट्ट होतो. जंतूंना मात्र ती सहसा पचत नाहीत. पचवायला मदत करतो तो क्लोरीनच! तो या मोठ्या रेणूंचे खाण्याजोगे तुकडे पाडतो. नेदरलँड्समध्ये नळाचं पाणी क्लोरीनशिवाय पुरवतात, त्यामुळे पाण्यात जंतूंना पचेल असा कार्बन किती, हे मोजणं त्यांना भागच होतं. ती पद्धत डिक व्हॅन डर कोइ यांनी 1980च्या दशकात रूढ केली. जंतू मारण्यापेक्षा त्यांचं अन्न तोडा, हेच जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हान्स-कर्ट फ्लेमिंग यांनीही बजावलं: 99.9 टक्के जंतू मारले तरी उरलेले वाढतातच, आणि मेलेले त्यांचं खाद्य होतात. माझ्या मते या विषयाला खरं वळण लागलं ते इथे.

समुद्राच्या पाण्याचा धडा 2008-09मध्ये मिळाला. आखाती किनाऱ्यावर लाल शैवालाची लाट महिनोन्‌महिने राहिली आणि कित्येक प्लांट बंद ठेवावे लागले. त्यानंतर हवेचे बारीक बुडबुडे सोडून शैवाल वर तरंगवून काढण्याची व्यवस्था अनेक नव्या प्लांटमध्ये आली.

2009मध्ये डच संशोधकांनी दाखवलं, की मिलिमीटरभरही जाड नसलेली जाळीच मुख्यतः तुंबते. एलिमेंटच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढतो तो तिच्यामुळे. केमिकलने धुतल्यावर जंतू मरतात, पण मेलेला चिकटा जाळीत अडकून राहिला तर दाब पुन्हा चढायला वेळ लागत नाही. म्हणून आता काही ठिकाणी सततचा क्लोरीन थांबवून पाण्यातलं जंतूंचं अन्न, म्हणजे कार्बन आणि फॉस्फेट, आधीच कमी करण्यावर भर देतात.