न्यायला कोण येतं?

घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, खाणं सुटलंय, आणि एका संध्याकाळी ते दाराकडे बघत म्हणतं, 'आई उभी आहे, तिला बसायला पाट दे.' ऐकणारा चरकतो. शेजारची जाणती बाई मुलाला बाजूला घेऊन सांगते, 'लांबच्यांना कळवून टाका. न्यायला आलेत.'

अमेरिकेतल्या बफेलो शहरात ख्रिस्तोफर कर या डॉक्टरांना जवळपास हाच निरोप एका नर्सने दिला. ते तेव्हा हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत, नवे होते. एका रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन दिलं तर त्याला अजून थोडे दिवस मिळतील, असा त्यांचा हिशोब होता. नर्स म्हणाली, नाही, हा चाललाय; त्याला त्याची वारलेली आई दिसतेय. असलं काही वैद्यकीच्या शिक्षणात शिकवलेलं त्यांना आठवेना.

पुढे कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी मरणाऱ्यांनाच विचारलं. ज्यांचं भान सुटलेलं आहे अशांना वगळून ५९ रुग्ण निवडले आणि त्यांच्याशी रोजच्या रोज बोलून ४५३ मुलाखती नोंदवल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८८ टक्के रुग्णांनी निदान एक तरी स्वप्न किंवा दृश्य पाहिल्याचं सांगितलं. जवळपास निम्मी दृश्यं झोपेत दिसलेली होती, पण ती 'स्वप्नासारखी' होती असं जवळजवळ कुणीच म्हणालं नाही. सगळं खरं वाटलं होतं. दिसणाऱ्यांत कधी जिवंत माणसं असत, कधी गेलेली. या दृश्यांनी किती बरं वाटलं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं, तेव्हा गेलेल्यांच्या भेटीला सरासरी ४.०८ मिळाले आणि जिवंतांच्या भेटीला २.८६. मृत्यू जवळ येत गेला तशा गेलेल्यांच्या फेऱ्या वाढल्या.

कर यांनी सांगितलेली एक हकीकत आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते. एक वृद्ध बाई, भोवती मोठी झालेली मुलं. बाई अचानक हात जुळवून, कुशीत तान्हं असल्यासारखी डोलवायला लागली, त्याला नावाने हाक मारायला लागली. त्या नावाचं मुलांच्या ओळखीत कुणीच नव्हतं. बहीण आली तेव्हा उलगडा झाला : बाईंचं पहिलं बाळ मृत जन्मलं होतं, त्याचं ते नाव. त्यांनी ते दुःख आयुष्यभर मुलांसमोर उच्चारलं नव्हतं.

रुग्णांनाच विचारण्यात विशेष ते काय, असं कुणी म्हणेल. पण त्याआधीचं गाजलेलं संशोधन बरंचसं ऐकीव होतं. लॅटव्हियात जन्मलेले कार्लिस ओसिस यांनी अमेरिकेतल्या १०,००० डॉक्टर आणि नर्सना प्रश्नावली पाठवली. उत्तरं आली ६४०. १९६१ साली त्यांनी ते निष्कर्ष छापले. नंतर आइसलँडचे मानसशास्त्रज्ञ एर्लेन्दुर हाराल्डसन यांच्यासोबत ते उत्तर भारतातल्या इस्पितळांतही फिरले आणि १९७७ साली दोन्ही देशांची तुलना करणारं पुस्तक आलं. इथेही बोलले ते डॉक्टर आणि नर्स, तेही आठवणीतून. ज्याला काहीच दिसलं नाही तो रुग्ण नर्सच्या लक्षात तरी कशाला राहील? शिवाय मरणानंतर काही उरतं का, हाच दोघांचा मूळ प्रश्न होता, आणि असा शोध घेणाऱ्याला मनाजोगता पुरावा जरा लवकर सापडतो.

तरीही त्यातला एक भाग फार बोलका आहे. अमेरिकी रुग्णांना प्रामुख्याने गेलेले नातलग दिसत, आणि ते त्यांच्याबरोबर निघायला तयार असत. भारतीय रुग्णांत देवादिकांचं आणि दूतांचं प्रमाण बरंच जास्त होतं, आणि त्यांतले अनेक जण सपशेल नकार देत. यमदूत आलेत, मला धरून ठेवा, असा आकांत करणारे रुग्ण इथे होते. अमेरिकेत तसं उदाहरण शोधूनच काढावं लागलं असतं. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली मृत्यूच्या दारातून परतलेल्या १६ भारतीयांच्या हकीकती मांडल्या. त्यांत पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग असा : दूत माणसाला यमापुढे नेतात, वही उघडली जाते, आणि नावात घोटाळा झाल्याचं कळून त्याला परत पाठवलं जातं. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला हा परलोक अजिबात परका वाटणार नाही.

थोडक्यात, येणाऱ्याचा चेहरा आणि पोशाख माणूस जिथे वाढला तिथून येतो, याबद्दल मला तरी शंका उरलेली नाही. पण कुणीतरी येतंच का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

डॉक्टरांचं तयार उत्तर असतं : भ्रम, ज्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. ते उत्तर फेकून देण्याजोगं नाही. कॅनडातल्या २००० सालच्या एका अभ्यासात, प्रगत कॅन्सरने दगावलेल्या ८८ टक्के रुग्णांना अखेरच्या तासांत भ्रम झाल्याचं आढळलं होतं. पण भ्रमाचं चित्र वेगळं असतं. माणसाला वार कळत नाही, जागा कळत नाही. बोलता बोलता धागा सुटतो. तो चादर ओरबाडतो, भिंतीवर किडे बघतो, नळी उपसून काढतो. संध्याकाळ झाली की सगळं वाढतं. दुपारी बरा असलेला माणूस रात्री मुलाला ओळखत नाही. उलट कर यांचे रुग्ण काल कोण आलं होतं ते आज नीट सांगत होते, समोरचा आपल्यावर विश्वास ठेवील का याचीही त्यांना चिंता होती. भानावर नसलेला माणूस अशी चिंता करत नाही. अर्थात दोन्हींमध्ये रेघ ओढलेली नसते. एकाच माणसाला सोमवारी आई दिसते आणि गुरुवारी किडे.

मेंदूविज्ञानाने दिलेली उत्तरं मथळ्यांत जास्त शोभतात. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की हृदय थांबल्यावर उंदरांच्या मेंदूत गॅमा लहरींची, म्हणजे जागेपणाशी जोडल्या जाणाऱ्या वेगवान विद्युत लहरींची, अल्पकाळ उसळी येते. २०२३ साली त्यांनी मरणासन्न माणसांच्या नोंदी मांडल्या : चार रुग्ण, त्यांतल्या दोघांत उसळी. ते दोघे काय बघत होते हे सांगायला मागे उरले नाहीत. आणि पाट मागणारी आजी त्या क्षणाच्या किती तरी दिवस आधीच आईशी गप्पा मारत असते.

चुंबकीय शिरस्त्राण घालून 'कुणीतरी जवळ असल्याची' जाणीव निर्माण करता येते, असा कॅनडाच्या मायकेल पर्सिंगर यांचा दावाही खूप गाजला. स्वीडनच्या उप्सालामध्ये पेर ग्रानक्विस्ट यांनी तो तपासला. चुंबक चालू आहे की बंद, हे ना प्रयोग करणाऱ्याला माहीत, ना बसलेल्याला. २००५ साली निकाल आला : चुंबकाने काहीच फरक पडला नाही, फरक पडला तो माणूस किती सूचनाशील आहे याने.

याच ग्रानक्विस्ट यांचं खरं काम मला जास्त पटतं. संकटात मूल आईकडे धाव घेतं. ती ओढ मोठेपणी विरत नाही, आणि श्रद्धाळू माणसाच्या बाबतीत देवही त्या जागी येऊन बसतो. विठोबाला माउली म्हणणाऱ्यांना हे मानसशास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या संकटात, झोप आणि जाग यांची सरमिसळ झालेली असताना, मनाने आधार देणाऱ्या माणसाची मूर्ती उभी करावी हे मग तितकंसं गूढ राहत नाही. हे सिद्ध झालेलं नाही. पण दिसणाऱ्यांत आई इतक्या वेळा का असते, हे निदान या मार्गाने समजू शकतं.

निरोगी माणसांतही हे घडतं. वेल्समधले डॉक्टर ड्युई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं. १९७१ साली छापलेल्या निष्कर्षांत जवळपास निम्म्या लोकांनी गेलेला जोडीदार जाणवल्याचं, दिसल्याचं किंवा ऐकू आल्याचं सांगितलं होतं. बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक हसतील, ही भीतीही त्यामागे होती.

मरणाऱ्या माणसाचीही तीच अडचण असते. त्याने काही दिसल्याचं सांगितलंच, तर घरच्यांनी आधी डॉक्टरांना बोलवावं : लघवी तुंबली आहे का, जंतुसंसर्ग आहे का, रक्तातलं सोडियम घसरलंय का, वेदनेचं औषध जास्त होतंय का. यातलं बरंच काही दुरुस्त होतं, आणि भ्रमाचे हाल उगाच सोसू द्यायचं कारण नाही. तपासणीत काही निघालं नाही आणि माणूस शांत असेल, तर त्याला गुंगीचं औषध देण्याची घाई कशासाठी? कोण आलंय, त्यांची भीती वाटते का, एवढं त्याला विचारता येतं. भीती वाटते म्हणाला तर औषध आहेच.