‘आपल्याला ४५ची सवय, युरोपातल्या ३५ने काय होणार?’

सहलीला निघणाऱ्यांच्या ग्रुपवर हा दिलासा वर्षानुवर्षं फिरतोय. वाटतं पटण्यासारखं, पण आकडा ३५वर थांबेलच असं नाही. जुलै २०१९मध्ये पॅरिसला ४२.६ अंश नोंदले गेले.

खरी गोम घरात आहे. नागपूरकर मे महिना काढतो तो कूलर, पंखा आणि दुपारच्या बंद खिडक्यांच्या जोरावर. पॅरिसच्या जुन्या इमारतीत सर्वांत वरची खोली मिळाली, तर डोक्यावर जस्ताचं छप्पर आणि छताला पंख्याचा हूकसुद्धा नाही. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अकरा वाजताही भिंत हाताला कोमट लागते. शिवाय उन्हाची सवय काही आठवड्यांत ओसरते, आणि जुलैत आपण निघतो ते पावसाळ्यातून!

पडताळायचं कसं? हवामान अंदाजात दुपारचं नव्हे, रात्रीचं किमान तापमान बघा. ते विशीच्या वर असेल, तर खोली रात्रभर निवत नाही. बुकिंगआधी एसी आहे का, नसेल तर टेबलफॅन मिळेल का, हे लेखी विचारा. रोममध्ये मात्र पाण्याची चिंता नको. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. रिकामी बाटली तेवढी जवळ ठेवा.