नोटसंग्रह

चालू, बंद पडलेल्या, परदेशी किंवा आणीबाणीच्या काळात निघालेल्या कागदी नोटा जमवणे, त्या नेमक्या ओळखणे आणि जपणे या छंदाला नोटसंग्रह म्हणतात. नोटाफिली हे त्याचे दुसरे नाव. नाणेसंग्रहाशी त्याचे जवळचे नाते असले, तरी एक फरक मूलभूत आहे. नाणे मातीत शतकानुशतके पडून राहिले तरी वाचता येते. नोट मात्र हाताळून झिजते आणि झिजली की नष्ट केली जाते. परत आलेल्या जीर्ण नोटांचा बँका चुरा करतात किंवा त्या जाळतात. चलन रद्द झाले की लोक उरलेल्या नोटाही मुदतीत बदलून घेतात. मोठ्या मूल्याच्या जुन्या नोटा विशेष दुर्मीळ असण्याचे कारण हेच, कारण तेवढी रक्कम आठवण म्हणून बाजूला ठेवणे फार थोड्यांना परवडत असे. त्यामुळे या छंदात नोट किती जुनी आहे यापेक्षा ती कोणत्या अवस्थेत आहे आणि नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रश्न आधी येतात.

कागदी चलनाची सुरुवात चीनमध्ये झाली. सोंग राजवटीत सिच्वान भागातील व्यापाऱ्यांच्या हुंडीवजा पावत्या अकराव्या शतकात सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १३७५ पासून निघालेली मिंग राजवटीची नोट तुतीच्या सालीच्या करड्या कागदावर छापलेली असून सुमारे ३४ सेंमी लांब आहे. युरोपात स्टॉकहोम्स बांको या बँकेने १६६१ मध्ये पहिल्या नोटा काढल्या. कॅनडातील फ्रेंच वसाहतीत १६८५ मध्ये नाणी संपल्यावर पत्त्यांच्या पानांवर सह्या करून सैनिकांचे पगार भागवले गेले. या नोटा बहुतेक संग्राहकांना संग्रहालयातच पाहायला मिळतात. मात्र वय आणि दुर्मीळता यांची नेहमी सांगड असतेच असे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील आसिन्या नोटा सव्वादोनशे वर्षांहून जुन्या असूनही इतक्या प्रचंड संख्येने छापल्या गेल्या, की त्यांतले साधे प्रकार नवशिक्यालाही सहज मिळतात.

प्रत्येक देशाची एक नोट, अशी सुरुवात बहुतेक जण करतात. तोंडओळखीसाठी ती ठीक आहे, पण संग्रहाला खोली येते ती क्षेत्र आखून घेतल्यावर. एक देश, एक कालखंड, एक छापखाना किंवा एक विषय निवडावा. महागाईच्या स्फोटातल्या नोटा हे नवशिक्यासाठी उत्तम क्षेत्र आहे, कारण त्या स्वस्तात मिळतात आणि इतिहास त्यांच्या अंगावरच छापलेला असतो. जर्मनीत १९२३ मध्ये घाईने काढलेल्या अनेक नोटा एकाच बाजूने छापल्या आहेत. झिम्बाब्वेच्या १०० ट्रिलियन डॉलरच्या नोटेवर एकापुढे चौदा शून्ये आहेत. हंगेरीच्या १९४६ मधील सर्वांत मोठ्या नोटेचे मूल्य एकावर वीस शून्ये एवढे होते, पण ते आकड्यांत न लिहिता ‘दहा कोटी बी-पेंगो’ असे अक्षरांत छापले आहे (एक बी-पेंगो म्हणजे एक लाख कोटी पेंगो). जर्मनीत पहिल्या महायुद्धापासून गावे, शहरे आणि कारखाने यांनी काढलेल्या ‘नोटगेल्ड’ या आणीबाणीच्या नोटा हे तर स्वतंत्र विश्वच आहे. बीलेफेल्ड शहराने त्या रेशमावरही छापल्या. मात्र १९२०–२२ या काळातल्या बऱ्याच रंगीत मालिका व्यवहारासाठी नव्हे, तर संग्राहकांना विकण्यासाठीच निघाल्या होत्या. त्या कोऱ्या मिळतात यात नवल नाही, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही.

नोट वाचण्याचा एक ठरावीक क्रम असतो. आधी ती कोणी काढली, तिचे मूल्य आणि तारीख पाहावी. मग सह्या, अनुक्रमांक आणि त्याआधीची अक्षरे म्हणजे प्रीफिक्स, छापखान्याचे नाव आणि शेवटी प्रकाशासमोर धरून जलचिन्ह व सुरक्षा धागा तपासावा. जर्मन अभ्यासक आल्बर्ट पिक यांनी रूढ केलेले ‘पिक क्रमांक’, म्हणजे नोटांच्या प्रकारांचे सूचीतील क्रमांक, जगभर वापरले जातात. त्यात देशाच्या नावापुढे अंक आणि उपप्रकारासाठी लहान अक्षर असते. विक्रेत्याने सांगितलेला क्रमांक स्वतः पडताळून पाहावा, कारण मूळ अंक बरोबर आणि उपप्रकाराचे अक्षर चुकीचे, ही गफलत नेहमीची आहे. केवळ सही बदलल्याने किमतीत अनेक पटींचा फरक पडू शकतो.

बारीक खुणा किती बोलक्या असतात हे काही उदाहरणांवरून दिसते. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती प्रदेशासाठी काढलेल्या रुपयाच्या नोटांच्या क्रमांकापूर्वी ‘झेड’ हे अक्षर आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने व्यापलेल्या प्रदेशांसाठी छापलेल्या नोटांत मलायासाठी ‘एम’, ब्रह्मदेशासाठी ‘बी’ आणि फिलिपीन्ससाठी ‘पी’ हे पहिले अक्षर असते. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर शहाच्या चित्रावर नक्षी छापून जुन्याच नोटा पुन्हा चलनात आणल्या गेल्या. तिथे वरून मारलेल्या छाप्याच्या प्रकारांवरच संग्रह उभा राहतो. कॅनडाच्या १९५४ च्या मालिकेत राणीच्या केसांच्या छटेत सैतानाचा चेहरा दिसतो अशी तक्रार झाल्याने चित्र बदलावे लागले, आणि आधीच्या नोटा आज वेगळ्या मोजल्या जातात. क्रमांकांचे महत्त्व पोर्तुगालमध्ये १९२५ साली उघड झाले. आर्तुर आल्वेस दुश रेइस याने खोट्या अधिकारपत्रांवर लंडनच्या वॉटरलो या खऱ्याच छापखान्याकडून ५०० एश्कुदोच्या नोटा छापून घेतल्या. कागद, शाई, छपाई सगळे अस्सल होते. एकच क्रमांक असलेल्या दोन नोटा सापडल्या, तेव्हा तो पकडला गेला.

नोटेची प्रत, म्हणजे अवस्थेनुसार तिची श्रेणी, ठरवणे हे या छंदातले खरे कौशल्य. कधीही हाताळली न गेलेली, एकही घडी नसलेली आणि टोकदार कोपऱ्यांची नोट ‘यूएनसी’. मध्यावर एकच हलकी घडी, किंवा बंडल मोजताना कोपऱ्याला पडलेली खूण असेल तर ‘एयू’. जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी असेल तर ‘एक्सएफ’. उभ्याआडव्या बऱ्याच घड्या असूनही कागदात करकरीतपणा उरला असेल तर ‘व्हीएफ’. ‘एफ’ प्रतीत घड्या पुष्कळ असतात, कडांना लहान चिराही चालतात, पण चीर छापील भागात शिरलेली नको आणि घड्या पडून मध्यभागी भोक झालेले नको. त्याखाली ‘व्हीजी’ आणि ‘जी’ येतात. त्यांत कागद मऊ पडलेला आणि कोपरे गोल झालेले असतात. नोटा तपासून प्लॅस्टिकमध्ये बंद करणाऱ्या संस्था ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. समोरून पडणाऱ्या उजेडात हलकी घडी दिसत नाही. दिवा एका बाजूला ठेवून नोट तिरकी धरावी, मग उलटी करून पुन्हा पाहावी. त्यानंतर ती प्रकाशासमोर धरली की टाचणीची व स्टेपलची भोके आणि पातळ पडलेली जागा उघडी पडते.

सर्वाधिक नुकसान काळ करत नाही, नोट ‘सुधारण्याची’ हौस करते. धुतलेल्या नोटेतली खळ निघून जाते आणि कागद निर्जीव लागतो. इस्त्री केली की कोरीव छपाईचा उठाव चेपतो, बोटाला खरखर लागत नाही, आणि घडीत तुटलेले तंतू मात्र तिरक्या उजेडात तसेच दिसतात. क्रमांकाच्या ठशाने मागच्या बाजूला उमटलेला उठावही नाहीसा होतो. फाटकी कड लपवण्यासाठी नोट चारी बाजूंनी कापण्याची लबाडी मिलिमीटरची पट्टी पकडते. कागद जीर्ण आणि कोपरे मात्र धारदार, हे शंकेचे पहिले लक्षण. हाताने कापलेल्या फार जुन्या नोटांत मात्र काही मिलिमीटरचा फरक स्वाभाविक असतो. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि डाग कायम राहतो. चीर पडली असेल तर ती तशीच ठेवून नोट ताठ पाकिटात ठेवणे हाच बरा उपाय. नोट फारच मोलाची असेल तरच कागद संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

बनावट ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा पुरेसा असतो. खऱ्या नोटेवरच्या रेषा सलग असतात. स्कॅन करून छापलेल्या नोटेत त्या जागी रंगीत ठिपके दिसतात. १९५० पूर्वीच्या नोटेचा कागद अतिनील प्रकाशात निळसर पांढरा चमकला, तर नोट बनावट आहे किंवा साबणाच्या पाण्यातून गेली आहे असे धरावे. कारण कागद उजळवणारी ही रसायने तेव्हाच्या नोटांच्या कागदात नसत. खऱ्या, साध्या नोटेवर नंतर खोटा शिक्का मारून तिला दुर्मीळ बनवणे ही फसवणूक अधिक घातक, कारण तिथे कागद आणि मूळ छपाई निर्दोष असते. अशा वेळी शिक्क्याची शाई घडीत कशी बसली आहे ते पाहावे. घडी आधीची आणि शाई नंतरची असेल, तर शाई तुटलेल्या तंतूंत मुरलेली दिसते.

साठवणुकीसाठी पॉलिएस्टरची पाकिटे सर्वांत चांगली. पॉलिप्रॉपिलीनही चालते. पीव्हीसी अजिबात नको. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो, पाकीट चिकट होते आणि शाई उचलली जाते. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी असू शकते. ही परीक्षा उघड्या हवेत करावी, धूर विषारी असतो. पाकीट नोटेपेक्षा थोडे मोठे असावे. घट्ट पाकिटात नोट सरकवतानाच कोपरे दुमडतात आणि एका क्षणात ‘यूएनसी’ची ‘एयू’ होते. सुती हातमोज्यांनी बोटांचा अंदाज जातो. त्यापेक्षा धुऊन कोरडे केलेले हात किंवा सपाट टोकाचा चिमटा बरा. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. ६५ टक्क्यांवर बुरशी धरू लागते, तर फार कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो. अल्बम उभा ठेवावा, ठासून भरू नये, आणि कसर लागली आहे का ते दर काही महिन्यांनी पाहावे. नोट भिंतीवर लावायची असेल तर तिची छायाप्रत काढून लावावी. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही.

प्लॅस्टिकच्या नोटांचे नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पॉलिमरची पहिली नोट काढली आणि १९९६ पर्यंत सर्व नोटा पॉलिमरच्या केल्या. या नोटा ओल धरत नाहीत, पण एकदा जोरात दाबून पडलेली घडी कधीच जात नाही. त्या घडीवर शाई आधी सुटते, आणि उष्णता लागली की नोट आक्रसते.

प्रत्येक नोटेची नोंद मिळाल्याच दिवशी करावी. देश, मूल्य, पिक क्रमांक, सही, प्रीफिक्ससह पूर्ण अनुक्रमांक, स्वतः ठरवलेली प्रत, किंमत, तारीख आणि ती कुठून आली, एवढे लिहावे. दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन ठेवावेत. चोरी झाल्यास नोट ओळखण्याचा खात्रीचा पुरावा अनुक्रमांकच असतो. चिठ्ठी आम्लरहित कागदाची असावी, पेन्सिलीने आधी लिहून मगच पाकिटात सरकवावी. पाकिटावर दाबून लिहिले तर अक्षरांचा ठसा आतल्या नोटेवर उमटतो.