जन्मजात रक्तवाहिनी विकृतींमधील रक्तप्रवाहाचे एमआरआय चित्रण

गर्भावस्थेत चुकीच्या रचनेने घडलेल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती प्रमाणात वाहते, हे मोजणाऱ्या चुंबकीय अनुस्पंदन पद्धती. साध्या एमआरआयमध्ये विकृतीचा आकार आणि पसारा दिसतो, पण उपचार ठरतो तो मुख्यतः प्रवाहावरून. नीलांच्या मंदप्रवाही विकृतीत औषध टोचून पोकळी आक्रसवता येते. रोहिणी केशवाहिन्यांना वगळून थेट नीलेला जोडली गेली असेल, तर प्रवाह शीघ्र असतो. अशा वेळी फक्त रक्त आणणारी रोहिणी बांधून टाकणे घातक ठरते, कारण विकृत वाहिन्यांचा गुंता शेजारच्या वाहिन्यांतून रक्त ओढू लागतो आणि पुढच्या उपचाराची वाटही बंद होते.

मोजणीचे तत्त्व सुंदर आहे. चुंबकक्षेत्रात एका दिशेने उतार (क्षेत्राच्या बळात क्रमाने होणारा बदल) निर्माण करून लगेच तेवढाच उलटा उतार दिला, की स्थिर ऊतींतील हायड्रोजन अणुकेंद्रांवरचा परिणाम पुसला जातो. वाहत्या रक्तात तो पुसला जात नाही. उरलेला कलाफरक, म्हणजे अणुकेंद्रांच्या फिरण्याच्या टप्प्यातील फरक, वेगाच्या प्रमाणात असतो. अर्विन हान यांनी १९६० मध्ये हा विचार मांडला तो समुद्राच्या पाण्याची हालचाल ओळखण्यासाठी!

तिन्ही दिशांतील वेग हृदयाच्या ठोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर नोंदवला, की त्याला ‘फोर-डी फ्लो’ म्हणतात. यासाठी किरणोत्सर्ग लागत नाही, आणि एकदा नोंद झाली की कोणत्याही वाहिनीचा छेद नंतर निवडून प्रवाह मोजता येतो. महारोहिणीच्या जन्मजात आकुंचनात अरुंद भागापलीकडचे भोवरेही दिसतात.

खरी कसोटी वेगमर्यादा, म्हणजे यंत्राने अचूक मोजायचा कमाल वेग, निवडण्यात असते. मर्यादा सेकंदाला १०० सेंमी ठेवली आणि रक्त १२० ने धावत असेल, तर यंत्र उलट्या दिशेचा ८० वेग दाखवते. चित्रात एक दिशा पांढरी आणि उलटी दिशा काळी दाखवली असेल, तर पांढऱ्या वाहिनीच्या मधोमध काळा डाग उमटतो. मर्यादा फार वाढवली, तर नीलांतला संथ प्रवाह गोंगाटात हरवतो. एकाच विकृतीत दोन्ही वेग असतात, म्हणून काही ठिकाणी दोन मर्यादांनी नोंद घेतात.

गुंत्यातल्या बारीक वाहिन्या बहुधा चित्राच्या एका घटकापेक्षाही अरुंद असतात. तिथली मोजणी विश्वासार्ह नसते, म्हणून आत येणाऱ्या रोहिण्या आणि बाहेर पडणाऱ्या नीला मोजाव्यात. दोन्ही बेरजा जुळल्या नाहीत, तर एखादी वाहिनी नजरेतून सुटलेली असू शकते.

मेंदूतील विकृतींसाठी ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’ विशेष उपयोगी आहे. मानेतील रक्ताच्या पाण्यावर चुंबकीय खूण केली जाते. ती जेमतेम काही सेकंद टिकते. निरोगी मेंदूत खुणेचे पाणी केशवाहिन्यांतून ऊतीत झिरपते, त्यामुळे नीला अंधारीच राहते. नीला उजळली, तर रक्त केशवाहिन्या टाळून आले हे कळते. उपचारानंतर उरलेली छोटीशी जोडणीही अशी, सुई न टोचता, सापडू शकते.