नेटवर्क सेवेची आवृत्ती ओळखणे
सर्व्हरवर कोणते सॉफ्टवेअर चालू आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, हे नेटवर्कवरून जोडणी करून शोधण्याची पद्धत. पोर्ट, म्हणजे सेवेचा क्रमांकित दरवाजा; त्यांतला पोर्ट २२ उघडा दिसला की तिथे एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची सेवा, असणार एवढा अंदाज बांधता येतो. ते किती जुने आहे आणि त्यातल्या कोणत्या त्रुटी अजून तशाच आहेत, हे त्यावरून कळत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत पेढीचा विचार करा. बिलांचा सर्व्हर बसवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची कागदपत्रे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजली, तर आत काय आहे हे यंत्रालाच विचारावे लागते.

विचारण्याची सर्वांत सोपी तऱ्हा म्हणजे जोडणी करून गप्प राहणे. एसएसएच, एसएमटीपी (ईमेल पाठवणारी), मायएसक्यूएल (डेटाबेस) या सेवा स्वतःहून आधी बोलतात आणि त्या पहिल्या ओळीत, म्हणजे बॅनरमध्ये, बहुधा आपले नाव-गाव सांगतात. वेब सर्व्हरला मात्र आधी विनंती पाठवावी लागते. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनात आवृत्ती ओळखण्याची सोय २००३ मध्ये आली. ते आधी काही सेकंद नुसते ऐकते, मग साठ्यातले प्रश्न एकेक करून पाठवते आणि आलेली उत्तरे ओळखीच्या नमुन्यांशी ताडून पाहते.

बॅनरमधला आकडा तेवढा पाहून निष्कर्ष काढणे ही या कामातली सर्वांत घातक घाई आहे. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या एसएसएच सेवा पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्या कक्षेत होत्या. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर ८.९पी१ आहे, म्हणजे आकड्यावरून तो धोक्यात दिसतो. पण बॅनरच्या शेपटीला ‘३उबुंटू०.१०’ असेल, तर दुरुस्ती झालेली असते. उबुंटू, डेबियन, रेड हॅट मूळ आकडा तोच ठेवून दुरुस्ती आत बसवतात, म्हणून शेपूट वाचल्याशिवाय अहवाल लिहू नये. शेपूट लपवलेले असेल तर सर्व्हरवर लॉगिन करून बसवलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजची यादी पाहावी.

ती यादीही दर वेळी पुरत नाही. २०१४ च्या हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीची दुरुस्त १.०.१जी आवृत्ती बसवूनही सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर मेमरीत जुनीच लायब्ररी चालू राहत होती. बसवलेली आवृत्ती आणि चालू असलेली आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अपाची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरांत आवृत्तीचा आकडा झाकता येतो. झाकावा जरूर, पण त्याने त्रुटी बुजत नाही.

काही उपकरणांना अनोळखी प्रश्न सोसत नाहीत. पोर्ट ९१०० वर ऐकणारा प्रिंटर आलेला प्रत्येक प्रश्न कागदावर छापत सुटतो; म्हणूनच एनमॅप आवृत्ती शोधताना ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुळातच वगळते. तपासणी मालकाची लेखी परवानगी घेऊनच करावी. विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. पेढीवर हे काम सौदे आटोपून बिले निघाल्यावर, संध्याकाळी हाती घ्यावे.